स्वित्झर्लंडचा रेल्वे पास: कोणाला मिळतो, कागदपत्रं कोणती लागतात आणि कधी घ्यावा

टूर कंपनीशिवाय, स्वतः आखणी करून स्वित्झर्लंडला निघालेली मंडळी सगळ्यात आधी विचारतात, ‘पास कुठला घेऊ?’ हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर यायला हवा. आधी कुठल्या दिवशी कुठे जायचं ते कागदावर उतरवा, मग व्हिसा हातात येऊ द्या आणि त्यानंतर पासाचे पैसे भरा. क्रम उलटा केला की व्हिसाची तारीख पुढे सरकते आणि ठरावीक तारखेचा पास बदलण्यासाठी विक्रेत्याच्या अटी वाचत बसावं लागतं.

आपल्याला पास म्हणजे लोकलचा पास माहीत. अमुक स्टेशन ते तमुक स्टेशन, महिनाभर. स्विस ट्रॅव्हल पास तसा एका मार्गाला बांधलेला नसतो. ठरलेल्या दिवसांत जवळजवळ सगळ्या देशातल्या आगगाड्या, पिवळ्या पोस्ट बस, सरोवरांतल्या बोटी आणि ९०हून अधिक शहरांतल्या ट्राम-बस त्यावर चालतात. ५००हून अधिक संग्रहालयांत प्रवेशही मिळतो. हे शेवटचं बहुतेकजण विसरतात आणि पाऊस लागला की हॉटेलात बसून राहतात.

पास कोणाला मिळतो

अट नागरिकत्वाची नाही, राहण्याच्या ठिकाणाची आहे. स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइन या दोन देशांत न राहणाऱ्या कोणालाही हा पास घेता येतो. मुलगा झुरिकला नोकरी करतो आणि आई-वडील पुण्याहून त्याला भेटायला येतात, असं आता बऱ्याच घरांत असतं. अशा वेळी पास आई-वडिलांना मिळेल. मुलाचा पासपोर्ट भारतीय असला तरी तो तिथला रहिवासी आहे, त्यामुळे त्याला मिळणार नाही. त्याच्याकडे बहुधा तिथल्या रहिवाशांचं अर्ध्या भाड्याचं कार्ड आधीच असतं, तेव्हा त्याची काळजी नको.

ज्येष्ठ नागरिकांना वेगळी सवलत नाही. भारतातली सवय म्हणून आधार कार्ड पुढे करून काही होत नाही. २५वा वाढदिवस व्हायच्या आतल्या तरुणांसाठी मात्र कमी दराचा युथ पास असतो.

मुलांचा नियम नीट वाचून घ्या. ६ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. ६ ते १५ वर्षांची मुलं आई किंवा वडिलांबरोबर असतील तर स्विस फॅमिली कार्डावर फुकट प्रवास करतात. या कार्डाला वेगळे पैसे पडत नाहीत, पण ते आपसूकही मिळत नाही. पास घेतानाच मागावं लागतं आणि त्यावर मुलांची नावं घालावी लागतात. ‘आई किंवा वडील’ हे शब्द इथे अक्षरशः घ्यायचे. सुट्टीत नातवंडांना घेऊन आजी-आजोबा निघाले, किंवा मामा भाच्यांना घेऊन गेला, तर हे कार्ड चालत नाही. मग मुलांचे अर्ध्या किमतीचे पास काढावे लागतात.

आधी व्हिसा

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण डिसेंबर २००८पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. म्हणून भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येईल असा. सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात काढणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. पॅरिसला दोन रात्री आणि स्वित्झर्लंडला सहा असतील तर विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडेच. रात्री समसमान असतील तर जिथे आधी प्रवेश करणार, त्या देशाकडे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडच्या शाळांची सुट्टी, आणि तेव्हा भेटीची वेळ मिळतानाच नाकी नऊ येतात. मेमध्ये जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत कामाला लागा. अर्ज व्हीएफएस ग्लोबल या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात स्वतः जाऊन द्यायचा असतो, कारण बोटांचे ठसे घेतात. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याखालच्या मुलांना काही नाही. ते रुपयांत भरायचं आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

कागदपत्रांत पासपोर्ट पहिला. तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. भरून सही केलेला अर्ज आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो. जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि दिवसवार कार्यक्रम. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात आणि मुक्कामाचे सगळे दिवस चालेल असा. पैशांची बाजू दाखवायला बँकेचं खातेपत्रक, आयकर विवरणपत्र, नोकरदारांच्या पगाराच्या पावत्या आणि रजा मंजूर झाल्याचं कार्यालयाचं पत्र; धंदा असेल तर नोंदणीचे कागद, निवृत्तांना पेन्शनचा पुरावा. शेतीवाल्यांनी सातबारा जोडायला हरकत नाही, पण तो मराठीत असतो. मराठी कागद, मग तो जन्मदाखला असो की विवाहदाखला, इंग्रजी भाषांतराशिवाय देऊ नका. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र तयार ठेवा.

रेल्वे पास या यादीत नाही. ‘पास जोडला की व्हिसा पक्का’ असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. दिवसवार कार्यक्रमात ‘ल्युसर्नहून इंटरलाकन, रेल्वेने’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

पासाचे प्रकार

सलग दिवसांचा पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा असतो. फ्लेक्स पासही तितक्याच दिवसांचे, पण महिन्याभरात तुम्हाला हवे ते दिवस निवडता येतात. त्यासाठी थोडे जास्त पैसे. फ्लेक्समधली खाच अशी की प्रवासाचा प्रत्येक दिवस गाडीत बसण्याआधी ऑनलाइन चालू करावा लागतो. चालू न केलेला पास टीसीपुढे धरला तर तुम्ही विनातिकीट.

पहिल्या वर्गाचा पास दुसऱ्या वर्गाच्या दीडपटीहून थोडा महाग पडतो. तिथला दुसरा वर्ग स्वच्छ आणि ऐसपैस असतो, खिडक्याही मोठ्या. माझ्या मते फरकाचे पैसे एखाद्या डोंगरावर खर्च करावेत.

डोंगराचा विषय निघालाच आहे तर इथेच सगळा हिशेब आहे. पास ‘सगळ्याला’ चालतो हा समज खोटा. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस हे डोंगर पासात पूर्ण येतात. टिटलिस, पिलाटस, गोर्नरग्राट इथे अर्धं भाडं भरायचं. युंगफ्राऊयोखला पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो. तिथून वर ३४५४ मीटरवरच्या स्टेशनपर्यंतच्या महागड्या तिकिटावर फक्त २५ टक्के सवलत.

याला पर्याय म्हणजे स्विस हाफ फेअर कार्ड. तेही परदेशी पाहुण्यांसाठीच, महिनाभर चालतं, आणि गाड्या, बस, बोटी व बहुतेक डोंगरगाड्यांचं भाडं निम्मं करतं, युंगफ्राऊयोखसुद्धा. मुलांचं फॅमिली कार्ड याच्याबरोबरही मिळतं.

समजा ल्युसर्नला मुक्काम आहे. सकाळी बोटीने फिट्झनाऊ, तिथून १८७१पासून चालणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीने रिगीचा माथा, उतरताना दुसऱ्या बाजूने आर्थ-गोल्डाऊ आणि रेल्वेने परत. या अख्ख्या दिवसाला पासाव्यतिरिक्त एक पैसा लागत नाही. दुसऱ्या दिवशी रेल्वेने बर्न, तिथलं एखादं संग्रहालय, संध्याकाळी परत. हाही दिवस पासाचा. पण इंटरलाकनला बसून एक दिवस युंगफ्राऊयोख, एक दिवस गावात आराम असा बेत असेल तर पास त्या दिवसांत झोपून राहतो आणि हाफ फेअर कार्ड जिंकतं. एसबीबी या तिथल्या रेल्वेच्या ॲपमध्ये प्रत्येक प्रवासाचं पूर्ण आणि अर्धं भाडं दिसतं. आपल्या कार्यक्रमातले सगळे प्रवास टाका, अर्ध्या भाड्यांची बेरीज करा, त्यात कार्डाची किंमत मिळवा आणि पासाच्या किमतीशी ताडून बघा. तासाभराचं काम आहे. चौघांच्या कुटुंबात फरक हजारो रुपयांत जातो. दर वर्षागणिक बदलतात, म्हणून मित्राने तीन वर्षांपूर्वी दिलेल्या आकड्यांवर जाऊ नका.

पास घेताना

ऑनलाइन अर्जात पूर्ण नाव, जन्मतारीख, राहण्याचा देश आणि पहिल्या दिवसाची तारीख विचारतात. कागद अपलोड करायचे नसतात. नाव पासपोर्टवर आहे तस्संच घाला. आपल्याकडे पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात, आडनाव वेगळं. लग्नानंतर नाव बदललं आणि पासपोर्ट जुन्याच नावाचा असेल तर पासही जुन्या नावाचाच काढायचा. पास एकाच माणसाचा असतो. सासूबाई आज दमल्या म्हणून त्यांचा पास नणंदेला चालत नाही.

तारीख टाकताना विमान पोचण्याची वेळ बघा. रात्री दहाला झुरिकला उतरून विमानतळाजवळच झोपायचं असेल तर सलग पास दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. रद्द करण्याच्या अटी प्रत्येक विक्रेत्याच्या वेगळ्या, त्या पैसे भरण्याआधी वाचा. पास पीडीएफ म्हणून येतो, फोनमध्ये दाखवला तरी चालतो. फोनची बॅटरी ऐन वेळी मान टाकते, म्हणून एक छापील प्रत ठेवा. तिथे पोचल्यावर मोठ्या स्टेशनांच्या खिडकीवरही पास मिळतो.

आरक्षण

साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. येईल त्या गाडीत बसा. ग्लेशियर एक्सप्रेस (झरमाट ते सेंट मोरिट्झ, सुमारे आठ तास) आणि बर्निना एक्सप्रेस यांत आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे पासाच्या वर द्यावे लागतात. ते वाचवायचे असतील तर त्याच रुळांवरून साध्या गाड्या धावतात. दऱ्या त्याच, ६५ मीटर उंचीचा लांडवासर पूलही तोच. बर्निना मार्गावरच्या साध्या गाड्यांतल्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतातही. फोटो काढणाऱ्यांनी मी तर याच गाड्या सुचवेन. हा मार्ग इटलीतल्या तिरानोला संपतो. तिथपर्यंत पास चालतो आणि शेंगेन व्हिसाही.

गाडीत चढल्यावर

फलाटावर जायला फाटक नसतं, तपासणी गाडीत होते. टीसी पासावरचा कोड स्कॅन करतो आणि पासपोर्ट मागू शकतो. त्यामुळे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून डोंगरावर जाऊ नका. स्टेशनवरचा पिवळा तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. फलाटाचे अ, ब, क, ड असे भाग पाडलेले असतात, आणि पहिल्या वर्गाच्या डब्यावर वर पिवळा पट्टा असतो. दुसऱ्या वर्गाचा पास घेऊन तिथे बसलात तर दंड होतो.

इंटरलाकन ओस्टहून डोंगराकडे जाणारी गाडी त्स्वायल्युचिनेन या छोट्या स्टेशनात दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. पास दोन्हीकडे चालतो, म्हणून टीसी काही बोलत नाही. डब्यावरचं गावाचं नाव वाचूनच चढा, आणि कुटुंब दोन डब्यांत वाटून बसू नका.