उंच दोरमार्गावरील भय आणि शिक्षण

झाडांच्या किंवा खांबांच्या आधाराने जमिनीपासून बऱ्याच उंचीवर ताणलेले दोर, फळ्या आणि जाळ्या यांच्या मार्गाला उंच दोरमार्ग म्हणतात. त्यावरून चालणाऱ्याचे हार्नेस (कंबर व मांड्यांभोवती बांधलेले पट्टे) सुरक्षादोराला सतत अडकवलेले असते; तरीही पाय लटपटतात. बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषकांना हा अनुभव परका नाही. गोकाकच्या धबधब्याजवळ घटप्रभेवरील झुलत्या पुलावर पहिली चार पावले टाकताच पूल डुलतो, खालचा खडक नजरेस पडतो आणि हात आपोआप तारेकडे जातो.

या लटपटण्यामागे केवळ मनाचा दुबळेपणा मानणे अन्यायाचे आहे. शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय-सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांवर राखला जातो. उंचावर जवळच्या स्थिर वस्तू नजरेआड होतात, त्यामुळे शरीर किंचित झुकले तरी डोळ्यांना ते लवकर कळत नाही व डोलणे वाढते. म्हणून ‘खाली बघू नको’ हा सल्ला अर्धाच उपयोगी ठरतो. त्याबरोबर समोरच्या खांबावर नजर स्थिरावणे आणि दोराला हलका स्पर्श ठेवणे अधिक कामाचे असते.

शिकणे घडते ते भीती असतानाच, परंतु ती पेलण्याजोगी असेल तर. पोटात गोळा आलेला माणूस दोन फळ्यांमध्ये थांबून श्वास सावकाश सोडतो, दोर आपले वजन पेलतो आहे हे अनुभवतो आणि पडण्याची अपेक्षा खोटी ठरल्याचे ध्यानात घेतो, तेव्हा भय ओसरू लागते. याउलट, मागून ढकललेला किंवा सर्वांसमोर चिडवला गेलेला मुलगा कसाबसा पार होतो, पण पुढच्या वेळी शिडीलाही हात लावत नाही. त्यामुळे किती उंच जायचे व कोठून परत फिरायचे, हे चढणाऱ्यानेच ठरवावे, असे साहस-शिक्षणातील रूढ तत्त्व आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातील लष्करी शिस्त शालेय सहलीतील मुलांना जशीच्या तशी लागू करता येत नाही.

एका जागी कमी झालेले भय दुसरीकडे, किंवा काही महिन्यांच्या खंडानंतर, पुन्हा डोके वर काढू शकते. यासाठी सराव ठिकाणे बदलून करावा लागतो: दोरमार्गानंतर घराच्या गच्चीचा कठडा, मग येळ्ळूरच्या राजहंसगडाची तटबंदी.