रिपोर्टवरचं 'टीसीआर गॅमा' आलं कुठून?

परळला टाटा हॉस्पिटलमध्ये ज्यांच्या खेपा झाल्यात त्यांच्यापैकी काहींनी लिम्फोमाच्या (लिम्फ पेशींच्या कॅन्सरच्या) फाइलमध्ये 'टीसीआर गॅमा रिअरेंजमेंट : क्लोनल' अशी ओळ बघितली असेल. ओपीडीत एवढी गर्दी असते की डॉक्टर ती एका वाक्यात सांगतात आणि पुढचा पेशंट आत येतो. या ओळीचा इतिहास चाळीसेक वर्षांचा आहे आणि तो सुरू झाला तोच चुकीच्या ओळखीतून.

आधी थोडं बेसिक. आपल्या टी पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) स्वतःचा रिसेप्टर, म्हणजे जंतू ओळखणारं प्रोटीन (टी सेल रिसेप्टर, हाच टीसीआर), बनवताना डीएनएचे तुकडे कापून जोडतात (हीच रिअरेंजमेंट), एक व्ही तुकडा, एक जे तुकडा, (काही जीन्समध्ये मध्ये डी पण असतो), आणि जोडताना सांध्यावर दोन-चार अक्षरं इकडची तिकडे होतात, त्यामुळे प्रत्येक पेशीचा सांधा वेगळा. संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावर हजार माणसं दिसली तर हजार चेहरे वेगळे असणार, पण त्यात एकच चेहरा शंभर वेळा दिसायला लागला तर काहीतरी गडबड आहे हे कळायला पोलीस असायची गरज नाही. क्लोनल म्हणजे तेवढंच : एकाच पेशीची पिलावळ वाढलीय.

अँटीबॉडीचे जीन्स असे कापून जोडले जातात हे सुसुमु टोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं, १९८७ चं नोबेल त्यांना त्याच कामाला मिळालं. टी पेशीचा रिसेप्टर मात्र कुणाच्या हाती लागत नव्हता. १९८४ मध्ये एकदम धडाका झाला. हा रिसेप्टर दोन प्रोटीन-चेनच्या जोडीचा असतो; टोरांटोत टॅक माक यांच्या ग्रुपने माणसाचा आणि अमेरिकेत मार्क डेव्हिस यांच्या ग्रुपने उंदराचा बीटा चेनचा जीन काढला. म्हणजे आता जोडीतली दुसरी चेन, अल्फा, तेवढी राहिली. त्याच वर्षी टोनेगावांच्या एमआयटीतल्या लॅबमध्ये उंदराच्या टू-सी नावाच्या टी पेशींच्या क्लोनमधून आणखी एक जीन सापडला जो टी पेशीतच रिअरेंज होत होता, सगळ्यांना वाटलं हीच अल्फा, पेपरही तसाच लिहिला गेला की रिसेप्टरची दोन्ही अंगं मिळाली. घोळ एकच होता, खऱ्या अल्फा प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात हे आधीच माहीत होतं आणि या नव्या जीनच्या सिक्वेन्समध्ये त्या चिकटायला जागाच नव्हती. काही महिन्यांतच खरी अल्फा सापडली. मग हा जो तिसरा पाहुणा उरला त्याला गॅमा म्हणायला लागले, आणि तो नक्की कुठलं प्रोटीन बनवतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आता मला यातला सगळ्यात आवडणारा भाग. प्रोटीन माहीत नाही, काम माहीत नाही, पण डीएनए हातात आहे, म्हणजे प्रोब बनवता येतो! प्रोब म्हणजे त्या जीनचाच एक छोटा तुकडा, त्यावर फॉस्फरस-३२ चं रेडिओअॅक्टिव्ह लेबल लावायचं आणि तो आपला जोडीदार शोधत जाऊन चिकटतो. केंब्रिजच्या एमआरसी लॅबमध्ये टेरेन्स रॅबिट्स यांच्याकडे माँपेलियेहून आलेल्या मारी-पॉल लफ्रांक यांनी असे प्रोब घेऊन माणसाचा गॅमा भाग चाळून काढला. १९८५ मध्ये त्यांनी दाखवलं की माणसात गॅमाचे दोन सी (रिसेप्टरचा न बदलणारा भाग बनवणारे) जीन्स शेजारी-शेजारी बसलेत. त्याच वर्षी दुसऱ्या एका टीमने हा भाग क्रोमोझोम ७ च्या आखूड बाजूवर आहे हे दाखवलं. पुढच्या एक-दोन वर्षांत व्ही जीन्सची यादी झाली, त्यांचे चार सबग्रुप पडले (पहिला मोठा, बाकीच्यात व्ही-९, व्ही-१० आणि व्ही-११ एकेकटे), जे तुकडे पाच मिळाले. शिवाय माणसामाणसात फरकही दिसला : कुणाच्यात सी-२ चा एक एक्सॉन (जीनचा प्रोटीनसाठी वापरला जाणारा तुकडा) दोनदा तर कुणाच्यात तीनदा, आणि काही जणांत व्ही-४ आणि व्ही-५ गायबच.

अख्खा भाग साधारण १६० हजार अक्षरांचा, म्हणजे अल्फा-बीटाच्या मानाने किरकोळ. आणि इथेच त्याचा फायदा झाला. अल्फाकडे जे तुकडेच पन्नाससाठ असतात, तिथे एका प्रोबने काही पकडणं अवघड. गॅमाला जे-१ चा एकच प्रोब टाकला की तो जे-२ लाही चिकटतो कारण दोन्ही जवळपास सारखे, आणि व्ही मोजकेच असल्यामुळे पट्टा कुठे आला यावरून कुठला व्ही जोडला गेलाय याचा अंदाज बांधता यायचा.

पट्टा म्हणजे सदर्न ब्लॉटवरचा बँड. एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये काढलेली पद्धत. ज्यांनी ती केलीय त्यांना आठवत असेल : एका लेनला साधारण दहा मायक्रोग्रॅम डीएनए लागायचा, तो इको-आर-वन किंवा हिंड-थ्री या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने रात्रभर कापायचा, अगरोज जेलवर चालवायचा, मग जेलवर मेम्ब्रेन, मेम्ब्रेनवर ब्लॉटिंग पेपर, त्यावर टिश्यू पेपरची चळत आणि सगळ्यात वर वजन म्हणून हाताला लागेल ते जाड पुस्तक. डीएनए पाण्याबरोबर वर चढून मेम्ब्रेनला चिकटायचा. मग हॉट (रेडिओअॅक्टिव्ह) प्रोब, धुणं, एक्स-रे फिल्म कॅसेटमध्ये घालून उणे सत्तरला ठेवणं, आणि फिल्म डेव्हलप केल्यावर कधी सुरेख बँड तर कधी नुसता काळा धूर. पी-३२ ची हाफ-लाइफ चौदा दिवस, त्यामुळे आयसोटोप आला की सगळ्यांची घाई.

ज्या पेशंटमध्ये गॅमाचा एकच नवा बँड दिसायचा तिथे क्लोन आहे असं समजायचं. पण एक गोची लवकरच लक्षात आली. गॅमा फार लवकर जोडला जातो, अल्फा-बीटा वापरणाऱ्या टी पेशींमध्येही तो आधीच रिअरेंज झालेला असतो. क्लोन शोधायला हे सोयीचं, पण त्यावरून पेशी गॅमा-डेल्टा प्रकारची (अल्फा-बीटाऐवजी गॅमा-डेल्टा ही जोडी वापरणारी) आहे असं म्हणता येत नाही. वर बी पेशींच्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या) ल्युकेमियातही बऱ्याच केसेसमध्ये गॅमा जोडलेला सापडतो, म्हणजे या टेस्टवरून पेशीची जात ठरवायला गेलात तर फसलात.

गॅमाचं प्रोटीन शेवटी १९८६ मध्ये सापडलं, आणि डेल्टा नावाची त्याची जोडीदार चेन १९८७ मध्ये जीनसकट हाती आली. रक्तातल्या टी पेशींपैकी थोड्याच टक्के या गॅमा-डेल्टा, त्यातही बहुतेक व्ही-९ वाल्या. टीबीच्या जंतूंमधले छोटे फॉस्फेट असलेले रेणू या व्ही-९ पेशींना जागं करतात हे नव्वदच्या दशकात कळलं. टीबी जिथे घराघरात माहितीये त्या आपल्या शहरात हा विषय परका वाटायचं कारण नाही. डॉ. वसंत खानोलकर यांनी १९५२ मध्ये परळला सुरू केलेल्या कॅन्सर रिसर्च सेंटरचं आजचं रूप म्हणजे खारघरचं अॅक्ट्रेक, तिथे डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या ग्रुपने गॅमा-डेल्टा पेशी आणि कॅन्सर यावर बरीच वर्षं काम केलंय.

आता सदर्न ब्लॉट क्वचितच कुणी करतं, पीसीआरने (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून) काम भागतं. २००३ मध्ये युरोपातल्या लॅब्सनी मिळून बायोमेड-२ नावाचे प्रायमरचे (पीसीआरची सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचे) सेट ठरवले. गॅमासाठी फक्त दोन ट्यूब : ए मध्ये व्ही-१ ते व्ही-८ चा गट आणि व्ही-१०, बी मध्ये व्ही-९ आणि व्ही-११. म्हणजे रेडिओअॅक्टिव्ह प्रोबने पाडलेले ते चार सबग्रुप तसेच्या तसे त्या ट्यूबमध्ये बसलेत. आणि रिपोर्टमध्ये 'क्लोनल' आलं म्हणून लगेच घाबरून जाऊ नका, काही इन्फेक्शनमध्ये किंवा वय झालेल्या माणसांतही छोटे क्लोन दिसतात, म्हणून पॅथॉलॉजिस्ट स्लाइड आणि मार्कर बघितल्याशिवाय नुसत्या या एका ओळीवर निदान करत नाहीत.