कारुझोच्या नेपोलिटन तबकड्या आणि ‘पारंपरिक’ नावाचा घोळ

एन्रिको कारुझो या इटालियन टेनरची (वरच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाची) नेपोलिटन, म्हणजे नेपल्सच्या बोलीतली, गाणी ऑनलाइन ऐकायला घेतली की कर्त्याच्या रकान्यात बऱ्याचदा एकच शब्द भेटतो : पारंपरिक. ५ फेब्रुवारी १९१६ रोजी त्याने ‘ओ सोले मियो’ गायलं, तेव्हा ते गाणं लिहिणारा कवी जिवंत होता आणि चाल लावणारा संगीतकारही. त्या चालीत ज्याचा वाटा होता असं न्यायालयाने ८६ वर्षांनी मान्य केलं, तो तिसरा माणूसही तेव्हा हयात होता. अठरा वर्षांच्या गाण्याला परंपरा म्हणायचं तर आपली निम्मी नाट्यपदं पुराणकाळातली ठरतील.

या गाण्यांचा खरा जन्म छापखान्यातला. नेपल्समध्ये सप्टेंबरात पिएदिग्रोत्ताचा उत्सव भरे आणि त्याच्या तोंडावर प्रकाशक नवी गाणी बाजारात आणत, स्पर्धा लावत, बक्षिसं देत. रस्त्यावरचे गवई ती उचलत आणि वर्षभरात कर्त्याचं नाव गळून पडे. ‘फुनिकुली फुनिकुला’ १८८० चं, व्हेसुव्हियसवर चढणाऱ्या रेल्वेसाठी केलेलं. सहाच वर्षांनी जर्मन संगीतकार रिखार्ड श्ट्राउसने ते लोकगीत समजून आपल्या सिंफनीसारख्या रचनेत घेतलं आणि श्ट्राउसला मूळ संगीतकाराचं मानधन मोजावं लागलं. म्हणजे हा घोळ कारुझोच्याही आधीचा.

कारुझोची यादी नीट पाहिली तर ‘पारंपरिक’ या शब्दाचं आणखीच हसं होतं. ‘कोरे न्ग्रातो’ त्याने नोव्हेंबर १९११ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. ते नेपल्समध्ये झालेलंच नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या स्थलांतरित इटालियनांनी ते त्याच वर्षी तिथे रचलं. ‘आ वुकेल्ला’चे शब्द आणि सूर दोन्ही अब्रुत्सो प्रांतातल्या माणसांचे, म्हणजे भाषा नेपल्सची आणि माणसं बाहेरची. ‘तिएम्पो आन्तिको’, अर्थ ‘जुना काळ’, हे तर खुद्द कारुझोनेच केलेलं. ‘सान्ता लुचिया’ १८४९ च्या सुमाराचं, तेही एका प्रकाशक-संगीतकाराच्या नावावर. खऱ्या अर्थाने निनावी म्हणावं असं एकच ठळक उदाहरण त्याच्या तबकड्यांत आहे, १९१३ चं ‘फेनेस्ता के लुचिवे’. त्यालाही ऑपेराकार बेल्लिनीचं नाव चिकटवलं जातं, पुरावा नसताना.

‘ओ सोले मियो’तला ‘ओ’ हाही असाच फसवा. इटालियनमध्ये ‘ओ’ म्हणजे हाक, ‘हे सूर्या’. इथला ‘ओ’ नेपोलिटनमधला आहे, इंग्रजीतल्या ‘द’सारखं ते उपपद, म्हणून त्याच्याआधी लोपचिन्ह (अ‍ॅपॉस्ट्रॉफी) असतं. अर्थ ‘माझा सूर्य’. हे चिन्ह मुखपृष्ठावरून गेलं की भाषांतरात हाक येते आणि प्रेयसीविषयीचं गाणं सूर्योपासना होऊन बसतं. उच्चाराचंही तसंच. नेपोलिटनमध्ये शब्दाच्या शेवटचे आघातहीन स्वर विरघळतात, जवळजवळ आपल्या ‘अ’सारखे होतात. ‘सोले’चा ‘ले’ अर्धवट ‘ल’कडे झुकतो. कारुझो नेपल्सचाच, त्यामुळे त्याच्या तोंडी हे आपोआप येतं. उत्तर इटलीतले पुढचे टेनर हाच स्वर ठसठशीत ‘ए’ करून गातात. गळा कितीही मोठा असो, कानाला ते पाहुण्याचंच वाटतं.

एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या हॉटेलात १०० पौंडांत कारुझोच्या तबकड्यांच्या ज्या दहा बाजू ध्वनिमुद्रित झाल्या, त्या सगळ्या ऑपेराच्या होत्या. ध्वनिमुद्रण करणारा तोच माणूस सात महिन्यांनी कलकत्त्यात गायिका गौहर जानसमोर कर्णा लावून बसला होता, आपल्याकडच्या तबकड्यांचा इतिहास तिथून सुरू होतो. कारुझोची नेपोलिटन गाणी मात्र अमेरिकेत गेल्यावर, मुख्यतः १९०९ ते १९२० या काळात झाली. गिऱ्हाईकही तिथेच होतं : बोटीने आलेला दक्षिण इटलीचा मजूर.

ध्वनिमुद्रण सगळं कर्ण्याचं. मायक्रोफोन नाही, त्यामुळे ढोबळमानाने २०० ते २५०० हर्ट्झच्या आतलं तेवढंच मेणाच्या मूळ तबकडीवर उतरे. टेनरचा मधला पट्टा नेमका त्यात बसतो, म्हणून कारुझो टिकला. मँडोलिन आणि गिटारचा आवाज मात्र कर्ण्यासाठी नाजूक पडे. ज्या वाद्यांवर ही गाणी रस्त्यात चालत, तीच तबकडीवरून गेली आणि जागी पितळी वाद्यांनी भरलेला छोटा वाद्यवृंद आला. डबल बास या मोठ्या तंतुवाद्याचं काम ट्यूबा हे पितळी वाद्य करी. वरच्या स्वराला गायकाने मागे सरकायचं, हळू स्वराला कर्ण्यात तोंड घालायचं. वेळ चुकली की सुई चर सोडून उडे आणि मेण वाया जाई.

दहा इंची बाजूत तीन मिनिटांहून थोडंच जास्त मावतं. ‘ओ सोले मियो’ची तिन्ही कडवी संथ लयीत तेवढ्यात बसत नाहीत. बळी जातं ते मधलं. त्या कडव्यात एक धोबीण आहे : कपडे पिळते, वाळत घालते आणि गाते. पहिल्या आणि शेवटच्या कडव्यात आकाश, हवा, संध्याकाळ असं पोस्टकार्डावरचं नेपल्स आहे, खरी गल्ली या मधल्या कडव्यातच होती. पुढे लाँगप्ले आलं, जागेची अडचण संपली, तरी बहुतेक टेनर ते गाळतच राहिले.

आता त्या खटल्याकडे. शब्द जिओवान्नी कापुर्रोचे, चाल एदुआर्दो दि कापुआची, साल १८९८. संगीतकार तेव्हा वडिलांबरोबर दौऱ्यावर ओडेसात होता. स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला आणि हक्क नेपल्सच्या एका प्रकाशकाकडे २५ लिऱ्यांत गेले. दि कापुआ १९१७ मध्ये वारला, कापुर्रो १९२० मध्ये. मृत्यूनंतर ७० वर्षं हा आजचा नियम लावला तरी १९९० अखेर सगळं मोकळं व्हायला हवं होतं.

पण जून १८९७ मध्ये दि कापुआने आल्फ्रेदो मात्सुक्की नावाच्या तरुण संगीतकाराकडून २३ चाली विकत घेतल्या होत्या आणि त्यांतल्या एकीतून ‘ओ सोले मियो’ची चाल घडली. ऑक्टोबर २००२ मध्ये तुरिनच्या न्यायालयाने, मात्सुक्कीच्या मुलीच्या दाव्यावर, त्याला १८ गाण्यांचा सहकर्ता ठरवलं. मात्सुक्की १९७२ पर्यंत जगला होता. त्यामुळे संरक्षणाची मुदत एका झटक्यात २०४२ अखेरपर्यंत गेली.

यावर मतं दोन पडतात. एक बाजू म्हणते, पैसे घेतले, कागद दिला, व्यवहार संपला, शंभर वर्षांनी तो उकरायचा कशाला? दुसरी बाजू इटलीच्या १९४१ च्या कायद्यावर बोट ठेवते. त्यात पैशाचे हक्क विकता येतात, पण कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क विकता येत नाही. माझं झुकतं माप दुसऱ्या बाजूला आहे. चाली २३ च्या गठ्ठ्याने विकणारा पोरगा नावाच्या मोलाचा सौदा करत नव्हता, त्याला त्या महिन्याचं भागवायचं होतं. मात्र नाव देणं आणि मुदत वाढणं कायद्यात एकमेकांना बांधलेलं आहे. न्याय पहिल्यासाठी झाला तरी पैसा दुसऱ्यातून येतो, आणि तो फक्त वारसांकडे जात नाही, हक्क धरून बसलेल्या प्रकाशकाकडेही जातो.

व्यवहारात याचा परिणाम विचित्र होतो. अमेरिकेत १९२३ पूर्वीची सगळी ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला मुक्त झाली, गाणं तर तिथे आधीच मुक्त होतं. इटलीत कारुझोचा आवाज मुक्त आहे पण तो गातोय ते गाणं नाही. भारतात शेवटच्या सहकर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरतात. तुरिनचा निकाल इथे आपोआप लागू होत नाही, पण मात्सुक्कीला सहकर्ता मानलं तर हिशेब २०३२ अखेरचा येतो. कर्त्याच्या रकान्यात ‘पारंपरिक’ टाकून व्हिडिओ चढवणाऱ्याकडे दावा येतो तो यामुळेच.

पुढचा काळ भराभर. १९३२ मध्ये जुन्या आवाजावर नवा वाद्यवृंद चढवण्याचे प्रयोग झाले. १९७६ मध्ये संगणकाने कर्ण्याची घुमघुम उणे करून पहिली लाँगप्ले निघाली. शतक संपता संपता पुन्हा वाद्यवृंद बदलून झाला. १९९० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी रोममध्ये झालेल्या तीन टेनरांच्या मैफलीने तर हे गाणं फुटबॉलच्या प्रेक्षकांपर्यंत नेलं आणि वरच्या स्वरावरची कुरघोडी हाच त्याचा अर्थ होऊन बसला. कारुझोची तबकडी त्यानंतर ऐकली की लोक विचारतात, एवढं शांत कसं?

कधी कधी ती शांत नसते, वेगाने फिरवलेली असते. लेबलावर काहीही असो, कारुझोच्या त्या काळातल्या, व्हिक्टर या अमेरिकन कंपनीच्या तबकड्या मिनिटाला ७६ फेऱ्यांच्या आसपास कापल्या आहेत. ७८ वर लावली तर स्वर जवळजवळ अर्धी पट्टी (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं निम्मं अंतर) चढतो, ८० वर लावली तर पट्टीला थोडाच कमी. आवाजातला तो गडद, बॅरिटोनकडे, म्हणजे खालच्या पट्टीच्या गळ्याकडे, झुकणारा रंग तिथेच पातळ होतो आणि कंप घाईचा वाटतो. छापील सुरावटीशी पट्टी जुळवून वेग ठरवावा, पण गायकाने पट्टी उतरवलेली असू शकते. दोन शक्यता उरल्या तर कंपावर आणि स्वरांच्या आकारावर कान ठेवावा.

मूळ तबकडी हाती असेल तर लाँगप्लेची सुई लावू नये. ती चराच्या तळाशी घसरते आणि खरखर उचलते. टोकाची त्रिज्या सुमारे ०.०७५ मिलिमीटर असलेली सुई हवी. अॅम्प्लिफायरचं लाँगप्लेसाठीचं इक्वलायझेशन (खर्ज वाढवून वरचे स्वर दाबणारी जुळवणी) बंद करावं, नाहीतर मूळ मुद्रणात नसलेला खर्ज फुगतो आणि त्याबरोबर टर्नटेबलची घरघरही. दोन्ही चॅनल जोडून मोनो केलं की उभ्या हालचालीचा आवाज परस्पर कटतो, निम्मी खरखर तिथेच जाते. उरलेली सॉफ्टवेअरने पुसताना हात आखडता घ्यावा. ‘ओ सोले मियो’च्या शेवटच्या सुरावरचा श्वास आणि तबकडीची सळसळ एकाच पट्ट्यात आहेत, एक काढलं की दुसरंही जातं.