'कडक' शॉकअपची पार्श्वभूमी

पाऊस ओसरला, रस्ते उकरले गेले, दिवाळीत गावाकडे किंवा कोकणात जायचे ठरले, की कोल्हापुरातल्या गॅरेजांत एकच विचारणा सुरू होते: शॉकअप बदलायचेच आहेत तर कंपनीचेच टाकायचे, की बाहेरचे कडक घ्यायचे? गाडी घाटात लोळू नये आणि मागच्या सीटवर बसलेल्या आईची कंबरही दुखू नये, अशी दोन्हीकडची मागणी असते. ती अजिबात अवास्तव नाही. अडचण आहे ती 'कडक' या शब्दाची. तो आपल्याकडे एका वेगळ्याच जमान्यातून आला आहे.

तो जमाना पाट्यांचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा. या जिल्ह्यात गाडी म्हणजे आधी ओझे वाहणारी गाडी. ऊस, गूळ, वाळू, फाउंड्रीचे कास्टिंग. ट्रकचा किंवा जीपचा मागचा भाग बसायला लागला की कमानपाटेवाल्याकडे जायचे आणि एक पाटा वाढवून घ्यायचा. त्या एका पाट्याने एका वेळी तीन कामे होत. गाडी उचलली जाई, स्प्रिंग ताठ होई, आणि पाट्यावर पाटा घासत असल्याने गाडीचे डोलणेही आपोआप कमी होई. उंची, ताठपणा आणि डोलणे आवरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असे म्हणायचे कुणाला कारणच नव्हते. 'कडक केली' म्हटले की तिन्ही आल्या. ॲम्बॅसिडरच्या पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) आणि पद्मिनीच्या पुढे कॉइल स्प्रिंग (वेढ्यांची गोल स्प्रिंग) असली तरी दोघींच्या मागे पाटेच होते, त्यामुळे घरगुती गाडीवाल्याचीही भाषा तीच राहिली.

१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवती कॉइल अशी एकच उभी जोडणी, हा प्रकार सर्वसामान्य झाला. नव्वदच्या दशकात झेन, एस्टीम, मग १९९८ ला सँट्रो आणि इंडिका. या गाड्यांत ओझे पेलायला कॉइल स्प्रिंग वेगळी आणि तिचे डोलणे थांबवायला तेलाचा शॉकअप वेगळा. कॉइलला पाट्यासारखे घर्षण जवळजवळ नसतेच. म्हणजे पाट्याने एकत्र बांधलेली तीन कामे इथे सुटी झाली. शब्द मात्र एकच राहिला, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला असे माझे मत आहे.

मुळात 'शॉकअप' हे नावच दिशाभूल करणारे आहे. धक्का आधी टायर घेतो, मग स्प्रिंग घेते. शॉकअप त्यानंतरचा झोका थांबवतो. झोपाळ्यावर बसलेल्याने जमिनीला पाय घासला की झोका मंदावतो, तो पाय म्हणजे शॉकअप. पाय हलका टेकला तर झोका चालूच राहतो, घट्ट रोवला तर बसणाऱ्यालाच हिसका बसतो.

आत तेलात एक पिस्टन असतो आणि त्यावर पातळ चकत्यांच्या झडपा. पिस्टन हळू सरकतो तेव्हा तेल बारीक वाटांनी जाते, झटक्यात सरकतो तेव्हा चकत्या वाकून मोठी वाट मोकळी करतात. इथे हळू आणि झटक्यात हे पिस्टनच्या वेगाबद्दल आहे, गाडीच्या नव्हे. वळणावर गाडी एका अंगाला कलते किंवा ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते, तेव्हा पिस्टन हळूच सरकत असतो. खड्ड्याची कड लागते तेव्हा तोच पिस्टन एकदम झटक्याने हलतो. घाटात गाडी ताब्यात हवी असेल तर पहिल्या प्रकारात शॉकअप घट्ट हवा. कंबर वाचवायची असेल तर दुसऱ्या प्रकारात तो सैल सुटला पाहिजे. आपण दोन्हींना 'कडक' म्हणतो, आणि ग्राहक पहिले मागून दुसरे घेऊन येतो.

त्यात आणखी एक फरक असतो. शॉकअप दाबला जाताना कमी अडवतो आणि परत उघडताना जास्त, बहुतेक घरगुती गाड्यांत दुपटीहून अधिक. दाब पेलण्याचे काम स्प्रिंगने करायचे असते आणि परतीच्या उसळीला शॉकअपने धरायचे असते. परतीची पकड गेली की गाडी गतिरोधकानंतर दोनदा-तीनदा उठबस करते. त्यालाही गॅरेजात 'मऊ झाली' असेच म्हणतात, आणि उपाय म्हणून कडक स्प्रिंग सुचवली जाते. तिथे दुखणे परतीचे असते आणि औषध ओझ्याचे दिले जाते.

आकड्यांत बघायचे तर घरगुती गाडीचे शरीर स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १ ते दीड वेळा खाली-वर होते. माणसाला बसल्या जागी सर्वांत जास्त त्रास देणारे उभे हादरे सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यातले. स्प्रिंग ३० टक्क्यांनी ताठ केली तर हे खाली-वर होणे सुमारे १४ टक्क्यांनी जलद होते, आणि शॉकअप तोच ठेवला तर त्याची पकड तुलनेने सुमारे १२ टक्क्यांनी कमी पडते. म्हणजे नुसती स्प्रिंग कडक केलेली गाडी जास्त आदळते आणि तरीही जास्त उसळते.

गॅसच्या शॉकअपने गोंधळ वाढवला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेजांच्या वस्तीत, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. टेबलावर वर्तमानपत्र टाकून काढलेला जुना स्ट्रट ठेवलेला, सीलखाली तेल आणि धूळ मिळून काळा लगदा साचलेला. शेजारी नवा, दांडा पट्टीने बांधलेला. मिस्त्री पट्टी कापतो, दांडा स्वतःहून हळूहळू वर येतो. "दाबून बगा की सायेब, कसा रेटतोय हाताला." गिऱ्हाईक तळवा टेकवून दाबते आणि समाधानाने मान हलवते. जुना दाबला तर खालीच राहतो, म्हणजे नवा कडक, हे पटल्यासारखे होते. पण हाताला लागतो तो गॅसचा दाब. तो तिथे तेलात फेस होऊ नये म्हणून भरलेला असतो, कारण लांब खराब रस्त्यावर तेल फेसाळले की पकड जाते. झडपा कशा बसवल्या आहेत हे तळव्याला कळत नाही. बॉनेट दाबून सोडायची चाचणीही हळू हालचालीपुरतीच खरी. तिच्यात नापास झालेला शॉकअप नक्की गेलेला असतो, पास झालेला मात्र खड्ड्यात कसा वागेल हे सांगता येत नाही. मिस्त्रीचे एक काम मात्र मला नेहमी विश्वासाचे वाटते: दुहेरी नळीचा नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबणे आणि ओढणे, म्हणजे आडव्या खोक्यात आत शिरलेली हवा निघून जाते. जो हे करतो त्याला शॉकअप कळलेला असतो.

२००५ मध्ये स्विफ्ट आली आणि हौसेने सस्पेन्शन बदलण्याचा काळ खऱ्या अर्थाने सुरू झाला. शर्यतींचे आणि कार्टिंगचे वेड कोल्हापूरला होतेच. पुणे–बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाल्याने वेग वाढले, आणि गाडी बसकी दिसणे हे चांगल्या पकडीचे लक्षण मानले जाऊ लागले. ३० ते ४० मिलिमीटरने गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा मुंबई-पुण्याहून येऊ लागल्या. शॉकअपला हात न लावता नुसत्या त्याच घालायच्या, हा स्वस्त मार्ग.

मीही २०११ ला तेच केले. सपाट महामार्गावर गाडी खरोखर छान वाटली. पहिल्या पावसात गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना एका डाव्या वळणावर खड्डा आला. मागचे बाहेरचे चाक आधीच दबलेले, उरलेली हालचाल संपली, चाक रबरी बंपस्टॉपवर (हालचाल संपते तिथल्या ठोकळ्यावर) बसले आणि गाडीची मागची बाजू हातभर सरकली. समोरून काही आले नाही एवढेच. तीन महिन्यांत मागच्या दोन्ही शॉकअपनी तेल सोडले. स्प्रिंगा विकणाऱ्या दुकानात सांगितले गेले की शॉकअपही कडक घ्यायला हवे होते. ते अर्धे खरे होते. पण चाकाला वर-खाली व्हायला जागाच उरली नसेल तर कुठलाही शॉकअप ती परत आणून देत नाही, आणि तुटक्या रस्त्यावर टायरची पकड त्या जागेवरच टिकते.

याच्या उलट टोकाला, गाडी उचलण्यासाठी कॉइलच्या वेढ्यांमध्ये रबर बसवण्याची पद्धत. ही थेट पाटा वाढवण्याची सवय, नव्या गाडीवर लादलेली. रबर बसले की तेवढे वेढे काम करायचे थांबतात, स्प्रिंग ताठ होते, गाडी उचलली जाते. पण पाट्यातले घर्षण इथे नसते, म्हणून डोलणे आवरणारे नवे काहीच येत नाही आणि जुना शॉकअप कमी पडतो. हे रबर कमी खर्चाचे म्हणून आजही खपते. मी कुणालाच सुचवत नाही.

गतिरोधकांबद्दल दोन शब्द. गोलाकार गतिरोधक मानकाप्रमाणे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायचा, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. गगनबावडा किंवा राधानगरी रस्त्यावर गावागावाच्या तोंडाशी जे अरुंद उंचवटे आहेत ते या मापाच्या जवळपासही नाहीत. तिथे पिस्टन झटक्यात हलतो. म्हणून परदेशी सपाट रस्त्यांसाठी झडपा लावलेला, शर्यतीकडे झुकलेला शॉकअप इथे रोजच्या वापरात थकवतो. टायरचेही तसेच. १८५/६५ आर १५ मापाचे टायर काढून मोठ्या रिमचे १९५/५५ आर १६ घातले तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण टायरची भिंत १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते. ते १३ मिलिमीटर आधी धक्का खात होते. पुष्कळदा 'सस्पेन्शन कडक झाले' ही तक्रार इथली किंवा नुसत्या जास्त हवेची असते.

पुढच्या काळात उत्तर बदलत गेले. बाहेरून फिरवून फक्त परतीची पकड वाढवता येणारे शॉकअप आपल्याकडे आले, ते मूळ उंचीच्या स्प्रिंगवर चांगले चालतात. हालचाल जलद की मंद हे ओळखून पकड बदलणारी झडप २०१७ च्या जीप कंपासमध्ये कारखान्यातूनच मिळाली. मूळ स्प्रिंग, नवे माउंटिंग आणि बुश (जोडणीची रबरे), आणि हळू हालचालीत थोडा घट्ट शॉकअप ही जोडी घाट आणि गतिरोधक दोन्ही सांभाळते. बाजारात याला कुणी फारसे 'कडक' म्हणत नाही, म्हणून ती कमी विकली जाते.

कायद्याची बाजू मध्येच आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये जो निकाल आला, त्याने मूळ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई आहे हे पक्के केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. कलमात 'बदल' म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला बदल. झिजलेला शॉकअप त्याच मापाच्या शॉकअपने बदलणे यात बसू नये, असे वाटते. गाडीची उंची बदलणाऱ्या किटबद्दल मात्र तितक्या खात्रीने बोलता येत नाही.

सध्याची नवी अडचण सीएनजीची आहे. पोलादी टाकी रिकामीच पन्नास-साठ किलोच्या घरात जाते आणि ती कायम मागच्या स्प्रिंगवर असते. बाहेरून किट बसवलेल्या गाडीचा मागचा भाग बसतो, आणि पुन्हा रबराची मागणी सुरू होते. इथे स्प्रिंगच बदलायला हवी, कारण ओझे खरोखर वाढले आहे. कारखान्यातून सीएनजी घेऊन आलेल्या गाडीत मागची स्प्रिंग सहसा वेगळी असते, त्याच नावाच्या पेट्रोल गाडीची चालत नाही. दुकानात नुसते गाडीचे नाव आणि साल सांगून मागवली की चुकीची येते. त्यामुळे जाणता मिस्त्री फोन करण्याआधी गाडीखाली जातो, रॉकेलच्या फडक्याने चिखल पुसतो आणि कॉइलवर तिचा प्रकार सांगणारा रंगाचा ठिपका कुठला आहे ते आधी बघून घेतो.