मेंदू स्वतःचं टी-३ स्वतःच बनवतो

"एकवीस दिवस धण्याचं पाणी प्या, थायरॉइडची गोळी कायमची सुटेल." हा निरोप आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा आला आणि मावशीने खरंच दोन दिवस गोळी घेतली नाही. धणे पोटाला चांगले असतील, पण बंद पडलेल्या ग्रंथीची जागा ते घेऊ शकत नाहीत.

त्या गोळीत असतं टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांना कामाला लावतं ते मात्र मुख्यतः टी-३ हे दुसरं थायरॉइड संप्रेरक. टी-४च्या बाहेरच्या कड्यातला एक आयोडीन काढला की टी-३ तयार होतं. आतल्या कड्यातला निघाला तर रेणू निकामी. हे काम डीआयोडिनेज नावाची, सेलेनियम असलेली एन्झाइम्स करतात.

मेंदू रक्तातल्या तयार टी-३वर फारसा विसंबत नाही. न्यूरॉनच्या, म्हणजे चेतापेशीच्या, शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींमध्ये डी-२ हे डीआयोडिनेज टी-४पासून टी-३ घडवतं आणि ते न्यूरॉनकडे जातं. न्यूरॉनमध्ये असतं डी-३ हे दुसरं डीआयोडिनेज, जे टी-३ मोडून टाकतं. एका घरात रांधायचं, शेजारच्या घरात जेवून उरलेलं आवरायचं, अशी ही व्यवस्था.

मला सर्वांत भावतं ते डी-२वरचं नियंत्रण. या एन्झाइमचं आयुष्य तासाभराहूनही कमी. टी-४वर काम करता करताच त्याला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूणचिठ्ठी चिकटते. मग ते थंडावतं आणि प्रोटिएझोम या पेशीतल्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रात त्याचे तुकडे होतात. म्हणजे टी-४ भरपूर असेल तर डी-२ भराभर संपतं, आणि टी-४ आटलं की तेच डी-२ जास्त वेळ टिकतं आणि उरलेल्या टी-४मधून जमेल तेवढं टी-३ काढतं. काही वेळा चिठ्ठी काढून टाकणारी एन्झाइम्स डी-२ला पुन्हा कामावर घेतात. थायरॉइडच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात मात्र ही चिठ्ठी तितकी परिणामकारक ठरत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत म्हणूनच असं दिसलं, की फक्त टी-४ दिल्यावर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) नॉर्मल होतं, पण मेंदूच्या इतर भागांत टी-३ची तूट उरते.

एमसीटी-८ हे टी-३ला पेशीत नेणारं दार. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्यातल्या बिघाडाचा फटका मुख्यतः मुलग्यांना बसतो; हा संबंध 2004 साली उलगडला. या मुलांना मान धरता येत नाही, बोलता येत नाही. रक्त तपासलं तर टी-३ चढलेलं, आणि मेंदू त्याच टी-३साठी उपाशी.