खाडीकाठी जायचं तर तिथी बघून

मुलुंड-भांडुपकरांना रान म्हटलं की येऊरचे डोंगर आठवतात. रुळांच्या दुसऱ्या बाजूला ठाणे खाडी आहे. तिचा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही गेला, तरी तिकडे वळणारे थोडेच.

जागा हेरायला उपग्रह नकाशा उघडा, पण चित्र एप्रिल-मेचं निवडा. पावसाळ्यानंतरच्या चित्रात माळरानही हिरवंगार दिसतं. उन्हाळ्यात गवत वाळतं आणि हिरवी राहते ती खारफुटी. पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडचा गडद पट्टा म्हणजे कांदळवन, खारफुटीचं रान, त्यापुढचा राखाडी भाग म्हणजे चिखल. पक्षी तिथेच चरतात. काठापर्यंत रीतसर पोचायला खाडीच्या पूर्वेला ऐरोलीचं जैवविविधता केंद्र, पश्चिमेला भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर. सकाळी ऐरोली बरी, ऊन पाठीशी राहतं. भांडुपहून सकाळी पाहिलंत तर सूर्य डोळ्यांवर आणि सगळे पक्षी काळेच दिसणार. तिथे संध्याकाळी जावं.

खरी गोम वेळेची. ओहोटीला पक्षी मैलभर लांब पांगतात, पूर्ण भरतीला चिखल बुडाला की उठून दुसरीकडे जातात. भरतीआधीचे साधारण दोन तास साधायचे. पाणी चढतं तसे तुतारी, चिखले असे चिखलात चरणारे छोटे पक्षी आणि फ्लेमिंगो काठाकडे रेटले जातात. वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब पुरतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, एकादशीला सव्वाआठला, त्रयोदशीला पावणेदहाला पूर्ण भरती; पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा, खाडीत आत भरती जरा उशिराच पोचते. सकाळच्या फेरीला म्हणूनच द्वादशी-त्रयोदशी उत्तम. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, पक्षी लांबच राहतात. फ्लेमिंगोंसाठी महिने डिसेंबर ते मे. दुर्बीण आठ पटीची, 8×42, पुरे. 10 पटीची हातात थरथरते.

काठावर तिवराचं, म्हणजे खारफुटीतल्याच एका झाडाचं, पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल: मुळांतून आलेलं मीठ पानावरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. खाली चिखलातून पेन्सिलीएवढी वर आलेली मुळं श्वासासाठी, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. सडक्या अंड्याचा वासही त्यामुळेच, प्राणवायूविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सगळा दोष गटारांना देऊ नका. बांध सोडून खाली मात्र उतरू नये. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि आतल्या कालवांच्या शिंपल्या तळवा चिरतात.