न्यू ऑर्लीन्सचा मुक्त कृष्णवर्णीय समाज

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीकाठी वसलेल्या न्यू ऑर्लीन्स शहरात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून यादवी युद्धापर्यंत (१८६१–६५) नांदलेला, आफ्रिकी वंशाच्या पण कायद्याने कुणाच्याही मालकीत नसलेल्या लोकांचा समाज. फ्रेंच बोलणारा, बहुतांशी कॅथलिक, कारागिरीत निपुण आणि शिक्षणाची ओढ असलेला असा हा समाज होता. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाखांहून अधिक गुलाम आणि ४,८८,०७० मुक्त कृष्णवर्णीय नोंदले गेले. या मुक्त लोकांपैकी निम्म्याहून अधिक गुलामगिरी चालू असलेल्या राज्यांतच राहत होते. न्यू ऑर्लीन्समध्ये त्यांची संख्या १०,६८९ होती. संख्येच्या बाबतीत बाल्टिमोर (२५,६८०) त्याच्या कितीतरी पुढे होते. पण मिळकत, शाळा, साहित्य आणि पुढे राजकारण या बाबतींत न्यू ऑर्लीन्सच्या तोडीचा मुक्त कृष्णवर्णीय समाज दक्षिणेत क्वचितच आढळतो.

या लोकांचे स्वातंत्र्य खरे होते. ते घरे विकत घेत, दावे लावत, मृत्युपत्रे करत. मात्र त्यांना मतदानाचा हक्क नव्हता, आणि आपण मुक्त आहोत हे वेळ पडली तर सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच असे. शेजारी गुलामांचा बाजार भरत असताना मिळालेले हे स्वातंत्र्य किती भक्कम आणि किती तकलादू होते, हाच या समाजाच्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे.

फ्रेंच अमदानी

१७१८ मध्ये फ्रेंचांनी शहर वसवले. १७२४ मध्ये लुइझियानासाठी ‘कोड न्वार’ हा गुलामांविषयीचा कायदा लागू झाला. मालकाला गुलाम मुक्त करायचा असेल तर वसाहतीच्या वरिष्ठ मंडळाची परवानगी घ्यावी लागे. मुक्त झालेल्याला मोकळ्या माणसाचे बरेचसे हक्क मिळत, पण जुन्या मालकाशी आणि त्याच्या कुटुंबाशी कायम आदराने वागण्याचे बंधन राही. पळून आलेल्या गुलामाला आसरा दिल्यास दंड होई आणि तो भरता आला नाही तर मुक्त माणूस पुन्हा विकला जाऊ शके. याच काळातला लुई काँगो याचा दाखला बोलका आहे. १७२५ मध्ये शहराचा जल्लाद होण्याच्या अटीवर त्याला मुक्ती मिळाली. बायकोलाही मुक्त करा अशी त्याची मागणी होती. तिला त्याच्याबरोबर राहू देण्यात आले, पण तिची मालकी वसाहत चालवणाऱ्या फ्रेंच कंपनीकडेच राहिली.

स्पॅनिश अमदानी आणि स्वतःची किंमत

लुइझियाना स्पेनकडे गेला आणि १७६९ पासून तिथे स्पॅनिश कायदा प्रत्यक्ष चालू झाला. त्यातल्या ‘कोआर्तासिऑन’ या तरतुदीने समाजाची वाढ घडवली. गुलामाला स्वतःची किंमत भरून सुटण्याचा हक्क या तरतुदीने दिला आणि मालकाची संमती त्यासाठी अत्यावश्यक राहिली नाही. मालक अडून बसला तर गुलाम न्यायाधिकाऱ्याकडे अर्ज करी. मग एक मूल्यमापक मालकाच्या बाजूने, एक गुलामाच्या बाजूने नेमला जाई. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर न्यायालय तिसरा नेमत असे. वय, प्रकृती, अंगातले कसब पाहून किंमत ठरे. कसब जितके जास्त तितकी सुटका महाग. रक्कम भरली की नोटरीसमोर मुक्तिपत्र लिहून मिळे.

हा पैसा यायचा कुठून? रविवार आणि सणासुदीचे दिवस गुलामांना स्वतःच्या कमाईसाठी मोकळे मिळत. बायका भाजीपाला, खाद्यपदार्थ आणि किरकोळ माल फिरून विकत, कपडे धूत. पुरुष मालकाला ठरलेली रक्कम देऊन उरलेल्या वेळात मजुरी करत. अशी नाणी साठायला वर्षे लागत. पुष्कळदा आईने आधी स्वतःला सोडवले आणि मग एकेक मूल सोडवत नेले. मुक्त झालेल्यांत बायकांची संख्या मोठी असण्यामागे बाजारावरची त्यांची ही पकड होती. गोऱ्या मालकांच्या मर्जीचीच गोष्ट वारंवार सांगितली जाते. या कष्टाच्या कमाईला त्याहून मोठे स्थान द्यायला हवे. १७७१ मध्ये शहरात अवघे ९७ मुक्त कृष्णवर्णीय नोंदले होते. १८०५ मध्ये हा आकडा १,५६६ झाला.

पुरुषांना प्रतिष्ठेचा आणखी एक रस्ता होता तो नागरी पलटणींचा. १७७९ ते १७८१ या काळात गव्हर्नर गाल्व्हेस याने इंग्रजांविरुद्ध बॅटन रूज, मोबील आणि पेन्साकोला येथे केलेल्या मोहिमांत मुक्त कृष्णवर्णीय सैनिक लढले. बायकांच्या वाट्याला मात्र १७८६ चा गव्हर्नर मिरो याचा हुकूम आला. त्यांनी दागिने आणि पिसे लावून नटू नये, डोके कापडाने बांधावे, असे त्यात फर्मावले होते. गोऱ्या बायकांपेक्षा त्या वरचढ दिसतात ही तक्रार त्यामागे होती.

अमेरिकेच्या ताब्यात

१८०३ मध्ये लुइझियाना अमेरिकेने विकत घेतला. नव्या सत्तेला हत्यारबंद, सुशिक्षित कृष्णवर्णीय लोकांची धास्ती वाटत होती, आणि गुलामांच्या उठावातून झालेली हैतीची क्रांती तर ताजीच होती. १८०७ च्या कायद्याने स्पॅनिश काळातला सुटकेचा हक्क गेला. आता मालकाची इच्छा हवी, गुलाम किमान तीस वर्षांचा हवा आणि त्याची आधीची चार वर्षांची वर्तणूक चांगली हवी. तरीही समाज वाढला, कारण १८०९–१० मध्ये क्युबातून हाकलले गेलेले सां-दोमिंगचे (आजचे हैती) नऊ हजारांवर निर्वासित शहरात उतरले. त्यांत ३,१०२ मुक्त कृष्णवर्णीय होते. त्यांनी फ्रेंच भाषेला आणि हक्कांच्या जाणिवेला नवे बळ दिले. १८१५ च्या जानेवारीत इंग्रजांशी झालेल्या लढाईत जनरल अँड्र्यू जॅक्सनच्या सैन्यात मुक्त कृष्णवर्णीयांच्या दोन पलटणी होत्या. त्यांतली एक याच निर्वासितांची, जोसेफ साव्हारी याने उभी केलेली.

१८१० मध्ये ‘अदेल विरुद्ध बोरेगार्द’ या खटल्यात न्यायालयाने एक सूत्र घालून दिले : मिश्र वर्णाची व्यक्ती मुक्त धरावी आणि ती गुलाम आहे हे दावा करणाऱ्याने सिद्ध करावे; गडद वर्णाची व्यक्ती मात्र गुलाम धरावी. मुक्त समाजातल्या फिक्या रंगाच्या घराण्यांना या निकालाने संरक्षण मिळाले आणि रंगाची उतरंड कायद्यात रुजली. खरेदीखत असो वा दावा, मुक्त कृष्णवर्णीयाच्या नावापुढे त्याचा दर्जा सांगणारी आद्याक्षरे लिहिणे सक्तीचे होते.

वस्त्या, व्यवसाय, घरे

फ्रेंच क्वार्टरच्या पाठीमागचे त्रेमे आणि नदीच्या खालच्या अंगाचे मारिन्यी या वस्त्यांत त्यांची घरे दाटीने होती. गवंडी, सुतार, चांभार, शिंपी, सिगार वळणारे, लोहार ही त्यांची नेहमीची कामे. शहराच्या जुन्या भागातली कितीतरी घरे याच गवंड्या-सुतारांच्या हातची. काही जण सावकार आणि घरमालक झाले. नॉर्बेर रिलिय (जन्म १८०६) याने पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन उसाचा रस निर्वात भांड्यांत टप्प्याटप्प्याने आटवण्याचे यंत्र तयार केले. एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला उष्णता देते, त्यामुळे इंधन वाचते. १८४३ मध्ये त्याला पेटंट मिळाले. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही रस आटवण्याचे तत्त्व तेच आहे. हे यंत्र बसले ते मात्र गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांवर.

एक वस्तुस्थिती झाकून चालणार नाही. मुक्त कृष्णवर्णीयांपैकी शेकडो जण स्वतः गुलामांचे मालक होते. काहींनी बायको, मुले, भावंडे विकत घेतली होती, आणि मुक्तीचा कायदा कडक असल्याने ती कागदोपत्री त्यांच्याच मालकीची राहिली. पण सगळ्यांचे तसे नव्हते. अनेकांनी इतर मालकांसारखेच नफ्यासाठी गुलाम राबवले, गहाण ठेवले, विकले. शहरात पत, मजूर आणि मिळकत या तिन्ही गोष्टी गुलामगिरीशी बांधलेल्या होत्या. यामुळे कारण समजते, दोष मात्र कमी होत नाही.

कुटुंबांविषयीही नीट सांगायला हवे. श्रीमंत गोऱ्या पुरुषाने मिश्र वर्णाच्या तरुणीला करार करून ठेवायचे, अशा कथांनी आणि नाचाच्या मेजवान्यांच्या वर्णनांनी प्रवासवर्णने भरलेली आहेत. गोऱ्या-काळ्यांचे लग्न कायद्याने निषिद्ध असल्याने असे संबंध होतेच. पण चर्चच्या नोंदवह्या वेगळेच चित्र दाखवतात. एकोणिसाव्या शतकात या समाजातल्या मोठ्या संख्येने स्त्री-पुरुषांनी आपसांत रीतसर लग्ने केली.

चर्च, शाळा, लेखणी

आंरियेत देलिल (मृत्यू १८६२) या मुक्त स्त्रीने १८४२ च्या सुमारास ‘पवित्र कुटुंबाच्या भगिनी’ हा जोगिणींचा संघ उभा केला. गुलामांना धर्मशिक्षण, निराधार म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची सेवा हे त्यांचे काम. त्याच वर्षी त्रेमेमध्ये सेंट ऑगस्टीन चर्च सुरू झाले. मुक्त कुटुंबांनी तिथली बाके भाड्याने घेतली आणि बाजूच्या ओळींतली बाके गुलामांना देऊन टाकली, असे त्या चर्चची परंपरा सांगते.

शाळेची कहाणी याहून हृद्य आहे. मारी कुव्हाँ ही आफ्रिकेत जन्मलेली, लहानपणीच गुलाम म्हणून सां-दोमिंगला नेलेली आणि पुढे न्यू ऑर्लीन्समध्ये मुक्त म्हणून राहिलेली विधवा. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने मृत्युपत्रात आपली मारिन्यीतली जागा अनाथ कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी ठेवली. १८३७ मध्ये ती वारली. जागा ताब्यात येऊन शाळा उघडायला १८४८ उजाडले. तिच्या घरीही गुलाम होते, हे इथेच नोंदवले पाहिजे. शाळेत अनाथांना फुकट आणि इतरांना थोड्या फीमध्ये फ्रेंच व इंग्रजी शिकवत. मुलांच्या इंग्रजी पत्रलेखनाच्या वह्या टिकल्या आहेत. काल्पनिक मित्रांना लिहिलेल्या त्या पत्रांत मालाचे भाव आहेत, जहाजे आहेत आणि मेक्सिको किंवा हैतीला निघून जाण्याचे बेतही आहेत. १८५० च्या दशकात मोठ्यांच्या घरात कसली बोलणी चालत असतील, ते यावरून कळते.

पुढे या शाळेचा मुख्याध्यापक झालेल्या आर्माँ लान्यूस याने १८४५ मध्ये सतरा कवींच्या फ्रेंच कवितांचा ‘ले सनेल’ हा संग्रह काढला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवींचा हा पहिला एकत्रित काव्यसंग्रह. याच समाजातला व्हिक्तोर सेजूर पॅरिसला गेला आणि नाटककार म्हणून गाजला. १८३७ मध्ये छापलेली त्याची एक कथा गुलामगिरीवर थेट घाव घालते. तसे लेखन लुइझियानात छापणे अशक्य होते. १८३० पासून गुलामांत असंतोष पसरवणाऱ्या लेखनाला तिथे देहदंडापर्यंत शिक्षा होती.

आवळत गेलेला फास

१८३० च्याच कायद्याने १८२५ नंतर राज्यात आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांना बाहेर जाण्याचा हुकूम दिला. १८४० पासून महापौराच्या कचेरीत राज्यात राहण्यास पात्र असलेल्यांची नोंदवही ठेवली जाऊ लागली. नाव, वय, रंग, धंदा, मुक्तीचा पुरावा असे सारे तीत लिहिले जाई. १८४२ च्या कायद्याने बंदरात आलेल्या मुक्त कृष्णवर्णीय खलाशांना जहाज सुटेपर्यंत तुरुंगात ठेवण्याची तरतूद केली. १८५७ मध्ये गुलाम मुक्त करणेच बंद झाले, आणि १८५९ मध्ये मुक्त माणसाला ‘स्वेच्छेने’ मालक निवडून गुलाम होण्याची मुभा देणारा कायदा आला. तीन-चार पिढ्या इथेच राहिलेल्या कुटुंबांपैकी शेकडो लोक त्या सुमारास हैतीला गेले.

युद्ध आणि मताधिकार

१८६१ मध्ये काहींनी दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या, बाजूने ‘नेटिव्ह गार्ड’ पलटण उभारली. मिळकत वाचवणे आणि संशय टाळणे ही त्यामागची कारणे असावीत. १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याने शहर घेतले, तेव्हा त्यांतले अनेक जण उत्तरेच्या नव्या पलटणींत दाखल झाले आणि त्यांच्या बरोबरीने सुटलेले गुलामही भरती झाले. २७ मे १८६३ रोजी पोर्ट हडसनच्या हल्ल्यात कॅप्टन आंद्रे कायू पडला. तो जन्माने गुलाम, तरुणपणी मुक्त झालेला सिगार-कारागीर होता.

मार्च १८६४ मध्ये जाँ बातीस्त रुदानेझ आणि आर्नोल्ड बर्तोनो हे दोघे मताधिकाराचा अर्ज घेऊन राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटले. अर्जावर हजारावर सह्या होत्या. त्यांतल्या २७ सह्या १८१५ च्या लढाईतल्या वृद्ध सैनिकांच्या. मूळ अर्जात मागणी होती ती युद्धापूर्वी मुक्त असलेल्यांपुरती. वॉशिंग्टनमध्ये चर्चा झाल्यावर त्यांनी तीत भर घातली आणि कालपर्यंत गुलाम असलेल्यांसाठीही मत मागितले. पिढ्यान्‌पिढ्या गुलामांपासून वेगळा दर्जा जपलेल्या समाजाने टाकलेले हे पाऊल त्याच्या सबंध इतिहासातले सर्वांत मोठे मानायला हवे. त्याच वर्षी डॉ. लुई शार्ल रुदानेझ यांनी ‘ट्रिब्यून’ काढला. फ्रेंच आणि इंग्रजीत निघणारे हे अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय दैनिक. कुव्हाँच्या शाळेतला शिक्षक पोल त्रेव्हीन्य त्याचा संपादक होता. १८६८ च्या राज्यघटनेत सार्वजनिक ठिकाणी समान वागणुकीची आणि गोऱ्या-काळ्या मुलांच्या एकत्र शाळांची तरतूद झाली, त्यामागे याच गटाचा रेटा होता.

१८७७ नंतर गोऱ्या वर्चस्ववाद्यांची सत्ता परतली आणि १८९० मध्ये रेल्वेत वेगळ्या डब्यांचा कायदा झाला. जुन्या मुक्त घराण्यांतल्या लोकांनी नागरिकांची समिती स्थापून वर्गणी जमवली. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा चर्मकार समितीच्या ठरलेल्या योजनेनुसार गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि त्याला अटक झाली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ डबे घटनेला धरून आहेत असे ठरवून त्याच्याविरुद्ध निकाल दिला. पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल करून २५ डॉलर दंड भरला. तो निकाल शाळांपुरता १९५४ मध्ये, वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राउन’ खटल्यात, मोडीत निघाला. जानेवारी २०२२ मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरने प्लेसीला मरणोत्तर माफी दिली.